ओटा कोणाच्या कोपराने मोजायचा?

आईला पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेला त्याला आता तीन वर्षं होतील. वय ७४, उंची ४ फूट १० इंच, उजवा हात खांद्यातून हलतो पण बोटांत पकड नाही, उजवा पाय थोडा ओढत चालते. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर आम्ही सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, की आई आता तू किचनमध्ये यायचं नाहीस, खूप केलंस, आता बसून खा. अगदी मनापासून सांगितलं. आणि ती हॉलमध्ये खुर्चीत बसून आतले आवाज ऐकत रहायची आणि मधूनच ओरडायची, "अगं मोहरी तडतडली नाहीये अजून, हिंग नको टाकूस एवढ्यात." पन्नास वर्षं ज्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं ते काम आम्ही एका दिवसात बंद केलं आणि आम्हाला वाटत होतं की आपण तिची काळजी घेतोय.

मग घरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट यायला लागली. फिजिओ हातपाय चालते करतो, ही लोकं रोजची कामं परत कशी जमतील ते बघतात, हा फरक मलाही तेव्हाच कळला. तिने आईचा हात बघायच्या आधी पर्समधून टेप काढून आमचा ओटा मोजला. ३४ इंच. मग आईला ओट्यासमोर उभं केलं, बघितलं, आणि मला म्हणाली, "ताई, आजींना हात जेवढा अडवतोय ना, त्याच्यापेक्षा जास्त हा ओटा अडवतोय."

त्यानंतर मी या विषयात बरीच खोल गेले, आमचं किचन दोन टप्प्यांत बदललं, काही चुका केल्या, काही परत तोडून केलं, आणि आता नात्यात कोणी किचनचं काम काढलं की मला फोन येतो. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतेय.

आधी मूळ गोष्ट. आपल्याकडची बहुतेक किचनं एका ठराविक बाईसाठी बांधलेली असतात. ती तिशीतली असते, पाच फूट दोन-तीन इंच, दोन्ही हात धड, गुडघे धड, नजर चांगली, कान चांगले, उजवखोरी. बिल्डरने तिला डोक्यात धरून ओटा टाकला की मग पुढची वीस-तीस वर्षं घरातल्या सगळ्यांनी त्या बाईच्या मापात बसायचं. पण ती बाई तरी तशी किती दिवस असते? सातव्या महिन्यात तिला खालची ट्रॉली उघडायला वाकता येत नाही, बाळ कडेवर असलं की तिला एकच हात असतो, मनगटाला प्लास्टर लागलं की महिनाभर तिची अवस्था माझ्या आईसारखीच होते. त्यामुळे म्हाताऱ्यांचं किचन, अपंगांचं किचन असं काही वेगळं मला दिसतच नाही आता. अमेरिकेत रॉन मेस नावाचे एक आर्किटेक्ट होते, लहानपणी पोलिओ झाला आणि पुढे आयुष्यभर व्हीलचेअर वापरली, त्यांनी १९८०च्या दशकात याच विचाराला युनिव्हर्सल डिझाइन हे नाव दिलं. म्हणजे आधी 'नॉर्मल' माणसासाठी बांधायचं आणि मग उरलेल्यांसाठी ठिगळ लावायचं असं नाही, पहिल्यापासूनच जास्तीत जास्त लोक मावतील असं बांधायचं.

आता उंची, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी विचार इथेच होतो. सरळ उभं रहायचं, घरात चपला घालून काम करत असाल तर चपला घालून, हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की भाजी चिरणं, पोळ्या लाटणं असल्या कामांची उंची मिळते. कणीक मळायला त्याच्याहूनही खाली लागतं कारण तिथे खांद्यातून जोर खाली द्यायचा असतो, ओटा उंच असेल तर सगळा जोर मनगटावर येतो. सिंकचं उलटं. तिथे आपले हात ओट्याच्या कडेशी नसतात, भांडी घासताना ते सिंकच्या तळाशी असतात, म्हणजे ओटा ३४ इंच आणि सिंक ८ इंच खोल असेल तर तुम्ही खरं तर २६ इंचांवर काम करताय आणि म्हणून भांडी घासताना कंबर जाते.

माझी उंची ५ फूट ७ इंच, कोपर ४२ इंचांवर, म्हणजे मला ओटा हवा ३६ ते ३८. आईचं कोपर ३६वर, तिला हवा ३० ते ३२. आणि आमचा होता ३४, म्हणजे आम्हा दोघींपैकी कोणाचाच नाही! माझी पाठ दुखायची, तिचे खांदे दुखायचे, आणि दोघींनाही वाटायचं की वयाचं असेल. ज्यांचा ओटा किंचित उंच किंवा खाली आहे आणि तोडणं शक्य नाही त्यांनी एक करावं, पोळ्या लाटताना एक पाय जमिनीवर आणि दुसरा देव्हाऱ्यासमोर ठेवतो तसल्या पाटावर, आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदलायचे. कमरेवरचा ताण लगेच कमी होतो. बुटक्या माणसाने उभं रहायला पाट घेऊ नये मात्र, वयस्कर माणूस तर नकोच, गरम पातेलं हातात असताना पाटावरून पाय घसरला तर काय होईल याचा विचार करा.

ओट्यापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे गॅसची उंची, ती कोणी मोजतच नाही. शेगडी ओट्यावर ठेवली की तिची स्वतःची ४-५ इंच उंची, त्यावर कुकर साधारण साडेआठ इंच. आमच्याकडे बेरीज केली तर कुकरचं झाकण जमिनीपासून साडेसत्तेचाळीस इंचांवर येत होतं, म्हणजे बरोबर आईच्या खांद्याच्या रेषेत. तिला आत डाळ शिजलीय का ते दिसतच नव्हतं, वाफेच्या वर हात नेऊन आत डाव घालावा लागत होता. धडधाकट असतानाही ती हेच करत होती पन्नास वर्षं, दोन्ही हातांच्या कोपरांवर भाजल्याचे जुने डाग आहेत तिच्या, मी लहानपणापासून बघतेय आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही की हे एवढे का.

आम्ही केलं ते असं, की शेगडीपुरता ओट्याचा भाग कापून ५ इंच खाली घेतला. त्यामुळे शेगडीची जाळी बाकीच्या ओट्याच्या बरोबरीत आली. याचे दोन फायदे, झाकण खाली आलं हा एक, आणि दुसरा जास्त मोठा, तो म्हणजे आता भांडं उचलावं लागत नाही, नुसतं सरकवता येतं. सिंकमध्येच पातेल्यात पाणी न भरता पातेलं सिंकच्या शेजारी ठेवून लांब नळीच्या नळाने भरायचं आणि तसंच ओट्यावरून ढकलत शेगडीवर न्यायचं. उतरवतानाही तसंच ढकलत बाजूला. पाच लिटरचा कुकर वरणभात लावल्यावर चांगलाच जड होतो, एका हाताने तो उचलायचा म्हणजे अपघाताला बोलावणं. त्यामुळे नवीन ओटा करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असतं की सिंक आणि गॅस एकाच सलग ओट्यावर घ्या, मध्ये फ्रिज, खांब, पायरी काही येऊ देऊ नका.

इथे आमच्या मिस्त्रीने एक चूक केली, ती सांगते म्हणजे तुमच्याकडे होणार नाही. खाली घेतलेल्या भागाला त्याने पुढून दिसायला छान म्हणून ग्रॅनाइटची तीन इंच उंच पट्टी लावली. झाला ना खड्डा! सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो, आणि आपण त्याला साचायला मस्त जागा करून दिली. पट्टी काढून घेतली. शेगडीची पुढची बाजू मोकळीच हवी. त्याच कारणाने सिलिंडर ठेवायच्या कपाटाला अगदी तळाशी हवा जायला जाळी हवी, वरती ठेवून उपयोग नाही. पाइप गॅसचं नेमकं उलट, तो हवेपेक्षा हलका, वर चढतो. म्हणून गॅस गळतीचा अलार्म लावणार असाल तर सिलिंडरवाल्यांनी तो जमिनीलगत लावायचा आणि पाइप गॅसवाल्यांनी छताजवळ. हे उलटं लावलेलं मी दोन घरांत पाहिलंय. आणि हा अलार्म शोभेचा नाही, वय वाढलं की वास कमी येतो, कोविडनंतर तर कितीतरी तरुणांचाही गेला होता, गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला तो उग्र वासच ज्याला येत नाही त्याला दुसरं कोण सांगणार?

बसून काम करणं यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे किचनमध्ये खुर्ची दिसली की बाई आळशी असा एक विचित्र समज आहे. आपल्या आज्या-पणज्या बसूनच स्वयंपाक करायच्या. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, परात मांडीसमोर. पोलिओमुळे पाय गेलेली माझ्या आजोळची एक आत्या होती, ती सरकत सरकत सगळ्या घराचा स्वयंपाक करायची, आणि करू शकायची कारण सगळं स्वयंपाकघरच जमिनीवर होतं. मग उभा ओटा आला, धूर गेला, उठबस वाचली, फार चांगलं झालं, पण त्या आत्यासारख्यांची जागा त्यात गेली याची नोंद कोणी घेतली नाही.

आणि गंमत बघा, आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ जिथे शोधतात ते फ्रँकफर्ट किचन, १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी केलेलं, जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर, त्यात खिडकीपाशी कामाचा कट्टा होता आणि त्याच्यासमोर फिरतं स्टूल! छताला दिवा होता तो पण सरकणारा, जिथे काम तिथे उजेड. आपण त्यातले कपाटांचे ओळीने लावलेले डबे घेतले आणि स्टूल आणि दिवा सोडून दिला. पुढे १९४०च्या दशकात अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ या इंजिनियर बाईंनी हृदयविकार झालेल्या गृहिणींसाठी खास किचन मांडून दाखवलं, कमी चालणं, कमी वाकणं, कमी उचलणं, बसून काम. त्या कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली मोजणाऱ्या बाई, तोच हिशोब त्यांनी स्वयंपाकाला लावला.

तर बसायला काय लागतं? गुडघे आत जायला जागा. बस्स. ओट्याखालच्या ट्रॉल्यांपैकी अडीच फुटांची एक ट्रॉली काढून टाकायची, तिथे खालून साधारण २७ इंच मोकळी उंची ठेवून वर पातळ फळी, म्हणजे वरची पातळी २८-२९ इंच होते. आम्ही खिडकीपाशी असा आईचा कट्टा केला. तिला साध्या खुर्चीत बसून तो थोडा उंच पडत होता, म्हणून खुर्चीवर घट्ट उशी, मग पाय लोंबकळायला लागले, म्हणून पायाखाली परत तो पाट. खुर्चीला हात हवेतच, उठताना टेकायला. चाकांची ऑफिसची खुर्ची आणू नका, वयस्कर माणूस बसायला जातो आणि ती मागे पळते. ज्यांना ट्रॉली काढायची नाही त्यांनी भिंतीला बिजागऱ्यांचं घडीचं टेबल लावावं, नाहीतर सरळ डायनिंग टेबल किचनच्या दाराशी आणावं, त्याची उंची बऱ्यापैकी योग्यच असते. सिंकखाली बसायचं असेल तर सिंक उथळ घ्या, ५-६ इंच खोल, आणि पाणी जायचं भोक मागच्या बाजूला, म्हणजे पाइप गुडघ्यांना लागत नाही. गरम पाणी येत असेल तर पाइपाला काहीतरी जाड गुंडाळून घ्या, पायाला संवेदना नसलेल्या माणसाला चटका बसलेला कळतसुद्धा नाही.

एका हाताचा स्वयंपाक हा एक वेगळाच अभ्यास आहे. दुसऱ्या हाताचं काम काय असतं, धरून ठेवणं. मग ते धरून ठेवणं दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यायचं. परातीखाली ओलं फडकं घातलं की परात फिरत नाही, फुकटचा उपाय. चिरायच्या पाटाला खालून स्टीलचे दोन खिळे ठोकून वर काढले की बटाटा, कांदा त्यात खोचून एका हाताने सोलता-चिरता येतो (काम झालं की खिळ्यांवर बूच लावून ठेवायचं). बरणीचं झाकण उघडायला मांडीत धरण्यापेक्षा ड्रॉवर अर्धा उघडून त्यात बरणी अडकवायची आणि कमरेने ड्रॉवर दाबायचा. आणि विळी! आईने हट्टच धरला होता विळीचा, मला वाटलं धोका आहे, पण थेरपिस्ट म्हणाली विचार करून बघा, सुरीमध्ये एका हाताने पातं हलवायचं आणि दुसऱ्याने भाजी धरायची, विळीमध्ये पातं जागेवर असतं आणि एकच हात भाजी घेऊन पुढे जातो. फक्त विळी दाबायला पाय लागतो, तो प्रश्न सुताराने दोन क्लॅम्पने विळीचा पाट आईच्या कट्ट्याला आवळून सोडवला. पात्याला कव्हर, आणि उजवा हात मांडीवर, कट्ट्यावर आणायचाच नाही असा नियम. कोबी आता माझ्यापेक्षा बारीक चिरते ती.

नळ, हँडल, बटणं यांची एक सोपी कसोटी आहे, हाताची मूठ आवळा आणि बघा की त्या मुठीने ती वस्तू चालवता येते का. गोल फिरकीचा नळ मुठीने उघडत नाही, दांडीचा उघडतो. ट्रॉलीची गोल गुंडी ओढता येत नाही, लांब दांडीचं हँडल मनगट अडकवून ओढता येतं. कणीक लागलेले हात, संधिवाताची बोटं, चार वर्षांचं पोर, सगळे या कसोटीत पास होतात. ओक्सो या अमेरिकन कंपनीच्या जाड रबरी मुठीच्या सोलाण्याची गोष्ट अशीच, सॅम फार्बर या माणसाच्या बायकोला संधिवात होता, तिला साधं सोलाणं धरवेना, त्यातून १९९० साली तसल्या मुठींची हत्यारं बाजारात आली आणि हात ठणठणीत असलेल्या लोकांनीही उचलली. आपल्याला महाग वाटत असेल तर उलथनं, झारा, लाटणं यांच्या मुठींना सायकलची ग्रिप चढवा किंवा सुतळी घट्ट गुंडाळा, माझ्या सासूबाईंच्या डावाला तीच आहे. (सुतळी मात्र महिन्या-दोन महिन्यांनी बदला.)

उजेड. आपल्या किचनमध्ये ट्यूब कुठे असते आठवा, मागच्या भिंतीवर किंवा छताच्या मध्यभागी, म्हणजे ओट्याकडे तोंड केलं की आपलीच सावली चिरायच्या पाटावर. आणि साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, डोळ्याची बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळं पडतं. त्यात आपल्याकडे काळा ग्रॅनाइट, त्यावर काळा तवा, काळ्या मुठीची सुरी. आई सुरी हाताने चाचपडून शोधायची आणि मी म्हणायचे समोर तर आहे! वरच्या कपाटाच्या खालच्या पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावली आणि ओट्याच्या कडेला पिवळी चिकटपट्टी, कड कुठे संपते ते दिसायला लागलं आणि वाट्या पडायच्या थांबल्या. सगळ्या बदलांत कमी पैशात जास्त फरक पाडणारा बदल हाच होता. काळा ओटा असेल तर पांढरा पाट घ्या, आणि कांदा-मुळा-कोबीसाठी एक गडद रंगाचा पण ठेवा.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्याबद्दल माझी मावशी जास्त चांगलं सांगेल, काचबिंदूने तिची नजर गेलीय आणि सांगलीला ती अजून स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते. आपली फोडणी ही मुळात कानाने आणि नाकाने करायची गोष्ट आहे असं ती म्हणते आणि ते खरंच आहे, मोहरी तडतडली की आवाज, जिरं फुललं की वास, लसूण लाल झाला की वास बदलतो, कढीपत्ता टाकला की चुर्र. मिसळणाच्या डब्यात वाट्यांचा क्रम ठरलेला, मोहरी बारा वाजताच्या जागी आणि मग घड्याळाच्या काट्याप्रमाणे पुढे. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन. शेगडीच्या बटणाच्या बंद, मोठा आणि बारीक या जागांवर नेलपॉलिशचे जाड ठिपके, बोटाला लागतात. तिची एकच तक्रार असते, पाहुणे येतात, मदत म्हणून आवरतात, आणि डबे हलवतात. काचेची गुळगुळीत इंडक्शन, जिच्यावर नुसतं बोट टेकवायचं असतं, ती मावशीला निरुपयोगी. बटणं दाबल्यावर खाली जाणारी आणि आवाज करणारी हवीत. इंडक्शनचा एक मोठा फायदा मात्र आहे, विसराळूपणा सुरू झालेल्या माणसासाठी, भांडं उचललं की ती तापणं थांबते आणि टायमरने बंद होते. घरातल्या भांड्यांना तळाशी चुंबक लावून बघा, चिकटलं तर चालेल, ॲल्युमिनियमचा जुना कुकर नाही चालणार. पेसमेकर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ऐकू कमी येणाऱ्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, त्यांनी शिट्ट्यांऐवजी वेळ मोजावी, पहिली वाफ आली की मोबाइलचा व्हायब्रेट होणारा टायमर लावून खिशात. आणि पाठ दाराकडे करून उभं रहावं लागत असेल तर समोरच्या टाइल्सवर छोटा आरसा, मागून कोणी आलं तर दचकून गरम तेल सांडायला नको.

आता अवघड भाग. लोकांना वाटतं की एकदा ॲक्सेसिबल केलं की सगळ्यांना चालतं. नाही हो, एकाची सोय दुसऱ्याची अडचण होते. धुळ्याचा माझा मामेभाऊ बाइकच्या अपघातानंतर व्हीलचेअरवर आहे, त्याला वळायला साधारण पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते, दार निदान ३२ इंच मोकळं लागतं, आपल्या फ्लॅटमधली किचनची दारं बहुतेक अडीच फुटी, त्यातही दाराची जाडी जाते. आईला मात्र मोठं किचन नकोच! तिला दोन्ही बाजूंना हात टेकायला काहीतरी हवं, साडेतीन फुटांचा बोळ असेल तर ती काठीशिवाय चालते. मग काय करायचं? आमच्याकडे दार काढूनच टाकलं, उंबरा घासून सपाट केला, आणि कट्ट्याखाली गुडघ्यांची जागा आहे ना, तिथे व्हीलचेअरचं पुढचं तोंड घालून मागे घेतलं की तीन झोक्यांत वळते, पाच फूट लागत नाहीत. भाऊ आला की तो आईच्याच कट्ट्यावर चहाची तयारी करतो.

तसंच मुलांचं. बसणाऱ्या माणसाला शेगडीची बटणं पुढे हवीत, आचेच्या वरून हात न्यायला लागू नये म्हणून, पण तीच बटणं दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडासमोर येतात. तिथे बटणांवर टोप्या मिळतात त्या, आणि काम झालं की गॅस मुळातून बंद. खालच्या ट्रॉल्या सगळ्यांना सोप्या म्हणून सुऱ्या खाली ठेवायच्या नाहीत, मुलाच्या डोक्याच्या वर पण बसलेल्या माणसाच्या हाताशी असा पट्टा असतो, साधारण साडेतीन ते चार फूट, तिथे भिंतीला चुंबकी पट्टी. आणि एक सवय मोडाच, गरम पातेलं उतरवून जमिनीवर ठेवायची. आमच्या लहानपणी शेजारचा एक मुलगा मागे सरकत सरकत आमटीच्या पातेल्यात बसला होता, अजून अंगावर काटा येतो. माझ्या मुलाला, तो आता ९ वर्षांचा आहे, आम्ही आईच्या कट्ट्याशेजारीच त्याचा खण दिलाय, ताट-वाटी-पेला-चमचा-पोह्यांचा डबा, त्यामुळे तो भूक लागली की हाका मारत नाही. बसलेल्या आजीची आणि उभ्या मुलाची कामाची उंची जवळजवळ एक येते हे मला आधी लक्षात आलं नव्हतं, दोघं समोरासमोर मटार सोलतात.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे, २०२१च्या हार्मोनाइज्ड गाइडलाइन्स (इमारती सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केंद्र सरकारने काढलेल्या सूचना) आहेत, पण त्यांचा मुख्य भर सार्वजनिक इमारतींवर, रॅम्प, लिफ्ट, टॉयलेट. तुमच्या किचनमध्ये कोणी तपासायला येत नाही, ते तुम्हालाच करायचंय. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने २०११मध्ये भारतासाठी युनिव्हर्सल डिझाइनची पाच तत्त्वं मांडली गेली, समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर, आणि त्यातलं सांस्कृतिक मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण परदेशी यादी समोर ठेवून केलं तर त्यात ओव्हन कुठल्या उंचीवर हे येतं, पण परात कुठे, विळी कुठे, पाण्याचा माठ कुठे हे येत नाही. आमचा माठ जमिनीवर होता, वाकून पाणी घ्यायचं, आता अडीच फुटांच्या घडवंचीवर आहे आणि तोटी लावलीय.

भाड्याचं घर असेल, पैसे कमी असतील, तर तोडफोड न करता क्रम असा लावा, आधी उजेड, मग रोजच्या वस्तू गुडघा ते खांदा या पट्ट्यात आणणं (लॉफ्टवर फक्त दिवाळीची भांडी, आणि वयस्कर माणसाने स्टुलावर चढायचंच नाही), मग पायपुसणी काढणं किंवा खाली रबर असलेली आणणं, मग हाताची खुर्ची. चकचकीत टाइल्सवर तेलपाणी पडलं की बर्फ होतो, पूर्ण फरशी बदलता येत नसेल तर सिंक आणि गॅससमोर खरखरीत मॅट चिकटवून टाका, कडा उचलल्या जाणार नाहीत अशी. आणि सुतार येण्याआधी एक दिवस घरातल्या प्रत्येकाला त्याचं रोजचं एक काम करायला सांगा आणि तुम्ही नुसतं बघत बसा, मध्ये बोलू नका. कुठे हात थांबतो, कुठे टाचा उचलतात, कुठे टेकायला काहीतरी शोधतात, ते लिहून काढा. त्या कागदावरून काम सांगा, कॅटलॉगवरून नाही.

आईचं एक मागणं अजून राहिलंय, खलबत्ता. मिक्सरमधला शेंगदाण्याचा कूट तिला चालत नाही, फार बारीक होतो आणि तेल सुटतं म्हणते. पण तिच्या कट्ट्याखाली मोकळी जागा असल्यामुळे वरून ठोकलं की फळी हादरते आणि एका हाताने ठोकताना खल फिरतो. सुताराचं म्हणणं आहे की भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे फळीखाली आधार आहे, तिथे खलाच्या बुडाएवढा गोल खळगा करून त्यात रबर बसवू. आईचं म्हणणं आहे की तो कोपरा डाव्या बाजूचा हवा, कारण आता ती डावरी झालीय. रविवारी तो येणार आहे, मापं तिनेच काढून ठेवलीयत.